एकशे दोन

मांजलपूरच्या मोठ्या दुकानात
भाऊ पाकिटं पालथी करतात.
पुढचा आंबा, पुढचा सूर्य, गॉगल लावलेला वाघ
त्यांना दिसतच नाही.
मागे, शिवणीपाशी,
मुंगीनं चालून ठेवल्यासारखी जी अक्षरं असतात
तिथे बोट टेकवून उभे राहतात,
घरोघर मीटर वाचत फिरणाऱ्या माणसासारखे.

कैरवला पिवळ्या रिंगा हव्यात.
बोटांत घालायच्या, मग एकेक करून खायच्या.
"मक्याचं पीठ," भाऊ वाचतात, "पामतेल,
माल्टोडेक्स्ट्रिन, चिजासारखा वास,
आणि हे बघ.
एकशे दोन. एकशे दहा."
आवाज असा,
की परक्याच्या लग्नात कुणी ओळखीचं दिसावं
आणि जाऊन बोलावं की नाही ते ठरू नये.

एकतीस वर्षं नंदेसरीला.
रंगाचा कारखाना, ड्रायर खातं, तीन पाळ्या.
आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची,
तिसऱ्या पाण्यालाही झाक असायची.
उशीच्या अभ्र्यावर डोक्याचा नकाशा.
सर्दी झाली की रुमाल केशरी,
आणि आम्ही हसायचो.
दांडिया बाजारच्या शाळेत
वर्षा मोहिते मला विचारायची,
तुझे वडील हळद विकतात का गं?
मी हो म्हणायचे.

"खायचा माल वेगळा, साडीचा वेगळा,"
भाऊ कधी कुणावर अन्याय करत नाहीत.
"चाळणी बारीक, तपासणी कडक.
विष म्हणू नकोस उगाच."
मग दुसरं पाकीट.
"तीनशे तीस म्हणजे लिंबूनां फूल,
तुझी आई ढोकळ्यात घालते. घरचा आहे.
पाचशे, सोडा. तोही घरचा.
चारशे एकाहत्तर..."
इथे थांबले.
"याला मी ओळखत नाही.
पण सगळीकडे असतो. पावात, आइसक्रीममध्ये,
त्या थंड चपात्यांतसुद्धा. कामच काय याचं?"

दुकानातली हेतल आली, निळा टी-शर्ट, कानात मशीन.
"अंकल, एक्सपायरी जुओ छो?"
"ना बेटा," भाऊ म्हणाले, "सगां जोऊं छुं."
ती हसली. कळलं नसावं.

मग त्यांनी माझ्याकडून यादी मागितली.
पोहे, डाळ्या, शेंगदाणे, गूळ (काळा बघून)
लिहिलेल्या कागदाच्या पाठीवर
बिस्किटांच्या थप्पीला टेकून
गणित मांडलं.
एका ड्रममध्ये पंचवीस किलो.
किलोभर मालाला फार तर शंभर मिलिग्रॅम.
पुडी पन्नास ग्रॅमची.
शून्यं दोनदा मोजली,
कैरवकडून तिसऱ्यांदा मोजून घेतली.

पन्नास लाख.

एका ड्रममधून पन्नास लाख पुड्या.
"पाळीला किती ड्रम भरायचे, आजोबा?"
भाऊंनी पेनाला टोपण लावलं.
मागे एसी घरघरत होता,
कुणाच्या तरी गाडीचा नंबर माइकवर सांगत होते,
बाजूला लावा, बाजूला लावा.
"कधी चार," ते म्हणाले.
"दिवाळीच्या आधी सहा."

रिंगांचं पाकीट त्यांनी जागेवर ठेवलं.
पण पाठ बाहेर करून.
मग शेजारचं. मग त्याच्या शेजारचं.
बोटं अजून भराभर चालतात त्यांची,
लेबलं चिकटवल्यासारखी.
कैरवला वाटलं खेळ आहे;
तो गुडघ्यांवर बसला
आणि खालची फळी त्यानं घेतली.

मी पोहे, डाळ्या, शेंगदाणे ट्रॉलीत टाकले.
गूळ पिवळाधमक होता, नाही घेतला.
काउंटरवरून वळून पाहिलं तर
हेतल त्या रांगेपाशी उभी होती.
एकेक सूर्य, एकेक वाघ
पुन्हा पुढे फिरवत होती.
एक पाकीट मात्र हातात धरून
डोळ्यांशी नेलं होतं तिनं,
पालथंच.